वेदनेसाठी मॉर्फिन लिहिलं, तर कायदा डॉक्टरच्या पाठीशी कुठपर्यंत?

तालुका_फिजिशियन
तालुक्याच्या गावी १० खाटांचं नर्सिंग होम. मुंबईहून कॅन्सरचे उपचार घेऊन परतलेले रुग्ण मॉर्फिनच्या गोळ्या संपल्या की इथेच येतात. मणक्याचं जुनं दुखणं असलेलेही आहेत. तीन प्रश्न: मॉर्फिन स्वतःजवळ किती ठेवता येतं? कॅन्सर नसलेल्याला दिलं तर गुन्हा होतो का? आणि एनडीपीएस कायद्याच्या (अंमली पदार्थांच्या नियंत्रणाचा कायदा) कलम ६९ मधलं 'सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण' डॉक्टरला मिळतं का? ट्रामाडॉल (मॉर्फिनच्याच जातीचं, पण सौम्य वेदनाशामक) लिहितोच, त्यात काही अडचण नसावी.

औषधांची_वही
डॉक्टर, शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक जण तिथेच अडकतात. ट्रामाडॉल एप्रिल २०१८ पासून एनडीपीएसखाली मनोव्यापारांवर परिणाम करणारा पदार्थ म्हणून अधिसूचित आहे. शेड्यूल एच-१ मध्ये (चिठ्ठीवरच आणि नोंद ठेवून विकायच्या औषधांची यादी) तर ते त्याआधीपासूनच आहे. दुकानदाराला तुमचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपावी लागते. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार एनडीपीएसमधलं कुठलंही औषध फोनवर किंवा व्हिडिओवर तपासून लिहून देता येत नाही. 'मागचंच चालू ठेवा' हा व्हॉट्सॲपवरचा निरोपही त्यातच येतो.

आता मॉर्फिन. पूर्वी चार-पाच परवाने गोळा करावे लागत आणि प्रत्येक राज्याचे नियम निराळे. २०१४ च्या दुरुस्तीने 'अत्यावश्यक गुंगीकारक औषधं' असा वेगळा गट केला आणि त्याचे नियम केंद्राकडे गेले. मे २०१५ मध्ये या गटात सहा औषधं आली: मॉर्फिन, कोडीन, फेंटानिल, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन, मेथाडोन. पेथिडीन (याच जातीचं आणखी एक वेदनाशामक) यात नाही. त्याला आजही राज्याचेच नियम लागतात, हे विसरून दोन्ही एकाच कपाटात आणि एकाच वहीत ठेवू नका.

नोंदणीकृत डॉक्टर स्वतःच्या प्रॅक्टिससाठी ५०० मिलिग्रॅमपर्यंत मॉर्फिन बाळगू शकतो. फेंटानिलचे त्वचेवर चिकटवायचे दोन पॅच, तासाला १२.५ आणि २५ मायक्रोग्रॅमचा एकेक. विक्री-वाटपासाठी मात्र नाही. हिशेब करा: १० मिलिग्रॅम दर चार तासांनी, म्हणजे दिवसाला ६०. एका रुग्णालाही ५०० मिलिग्रॅम जेमतेम आठ दिवस पुरतं. रुग्ण सतत येणार असतील तर संस्थेची मान्यताच घ्या.

पॅलिएटिव्ह_ओपीडी
ती मान्यता औषध नियंत्रक देतात, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासन. वेदनाशमन आणि पॅलिएटिव्ह केअरचं (गंभीर आजारात त्रास कमी करणारी शुश्रूषा) प्रशिक्षण घेतलेला किमान एक डॉक्टर नेमलेला असला पाहिजे. वर्षाची गरज आधी कळवायची, वर्षअखेर हिशेब द्यायचा. अंदाज फार कमी धरला तर सप्टेंबर-ऑक्टोबरातच साठा संपतो आणि रुग्णांचे हाल होतात. साठ्याची वही रोजच्या रोज जुळवा. तपासणीत फरक निघतो तो चोरीने क्वचितच. फुटलेल्या गोळ्या आणि रात्रपाळीत न लिहिलेला डोस यांनीच निघतो.

कॅन्सरची अट नियमांत नाही, 'वेदनाशमन' असाच शब्द आहे. पण मणक्याच्या दुखण्यात ओपिऑइड (मॉर्फिनच्या जातीची औषधं) ही पहिली पायरी नव्हे, आणि उद्या कुणी केसपेपर उघडला तर बचाव त्या कागदावरच उभा राहणार. आधी काय देऊन झालं, ते का थांबवलं, वेदनेचा आकडा, चालणं-झोप-काम यांत फरक पडला का, दारूची किंवा झोपेच्या गोळ्यांची सवय, डोस वाढवल्याचं कारण आणि पुढच्या भेटीची तारीख लिहा. नुसतं 'सीएसटी' (म्हणजे तेच उपचार चालू) लिहिलेल्या सहा भेटी म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा. मॉर्फिनने बद्धकोष्ठता होते, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध सोबत द्या. बेन्झोडायझेपिन (झोपेच्या, चिंतेच्या गोळ्यांचा एक गट) चालू असेल तर तसं स्पष्ट लिहा, कारण श्वास मंदावून मृत्यू झाला की पहिला प्रश्न त्यावरच येतो.

कोर्टाची_पायरी
कलम ६९ वर विसंबू नका. त्याची भाषा सरकार, अधिकारी आणि या कायद्याखाली अधिकार वा कर्तव्य बजावणाऱ्यांसाठी आहे. रुग्ण तपासणारा डॉक्टर त्यात बसतो असं म्हणायला वकिलाला घाम गाळावा लागेल. खरी ढाल कलम ८ मध्ये आहे: वैद्यकीय कारणासाठी, आणि नियमांत सांगितलेल्या पद्धतीने. दोन्ही अटी एकत्र पाळायच्या. हेतू शुद्ध पण मर्यादा ओलांडलेली, तर पहिली अट एकटी वाचवत नाही.

वजनाचा सापळाही बघा. हीरा सिंग प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मिश्रणाचं पूर्ण वजन धरायचं. मॉर्फिनची 'अल्प मात्रा' ५ ग्रॅम आहे. १०० मिलिग्रॅम वजनाच्या ६० गोळ्या म्हणजे ६ ग्रॅम, आत शुद्ध मॉर्फिन अवघं ६०० मिलिग्रॅम असलं तरी. अनधिकृत साठा ठरला तर शिक्षेची मर्यादा एका वर्षावरून थेट दहा वर्षांवर जाते. शिवाय कलम ३५ मुळे गुन्हेगारी हेतू गृहीत धरला जातो. तो नव्हता हे तुम्हीच सिद्ध करायचं.

निष्काळजीपणाचा आरोप वेगळा. तिथे सर्वोच्च न्यायालयाचा जेकब मॅथ्यू निकाल (२००५) उपयोगी पडतो: ढोबळ हलगर्जी लागते, आणि आधी स्वतंत्र वैद्यकीय मत. साठ्याच्या गुन्ह्याला तो लागू नाही.

तालुका_फिजिशियन
आभारी आहे, ट्रामाडॉलचं गणित माझं चुकलंच होतं. रुग्ण गेल्यावर नातेवाईक उरलेल्या गोळ्या आणून देतात, त्या ठेवाव्यात का?

औषधांची_वही
दुसऱ्या रुग्णाला मुळीच देऊ नका. ज्या मान्यताप्राप्त संस्थेने गोळ्या दिल्या तिथेच परत करायला सांगा, चिठ्ठीसकट. घेणाऱ्याने नातेवाइकासमोर मोजून, दोघांच्या सह्या घेऊन वेगळ्या पानावर नोंद करावी, साठ्यात मिसळू नये. तुमची मान्यता झाली की तुमच्याकडेही हीच पद्धत ठेवा.