१९५७ बेल एअरची क्रोम पट्टी: फॉइलची टोकं उचलतायत, आणि क्लिअर आधी की नंतर?

सिडको_बेंच:
नमस्कार मंडळी. खऱ्या गाडीच्या १/२५ आकाराचं शेव्हरोले बेल एअरचं मॉडेल चालू आहे, १९५७ वालं. इनॅमलचा फिरोजी रंग मारून झालाय, आता राहिलं क्रोम आणि या गाडीत क्रोम म्हणजे विचारू नका, बाजूने लांबच लांब पट्टी, मागच्या पंखावर दोन पट्ट्यांच्या मधे अ‍ॅल्युमिनियमचं रेघारेघांचं पॅनेल, काचांच्या चौकटी, छताच्या कडेची पन्हळ. सिल्व्हर रंगाने केलं की सगळं राखाडी दिसतं म्हणून बेअर-मेटल फॉइल (मागे गोंद असलेला धातूचा अगदी पातळ पत्रा) मागवलंय. आधी छताच्या कडेला एक पट्टी लावून बघितली, दिसायला एक नंबर, पण दोन्ही टोकं वर आलीत. खोली वरच्या मजल्यावर आहे, दुपारी जाम तापते, त्याने होत असेल का? दुसरं म्हणजे क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, फॉइलच्या आधी मारायचा की नंतर? नंतर मारला तर चमक जाते म्हणतात, नाही मारला तर हात लागून फॉइल खराब होईल असं वाटतं. गाडी बाबांना द्यायचीये आणि ते ती कपाटात ठेवणारे नाहीत, रोज हातात घेऊन बघणार.

पंचवटी_मॉडेलर:
भाऊ, उन्हाने गोंद मऊ पडतो हे खरंय पण टोकं बहुतेक वेळा खालच्या रंगामुळे उचलतात. इनॅमल वरून कोरडा लागतो आणि आत अजून सॉल्व्हंट सोडत असतो, त्यावर फॉइल दाबलं की तो वास बाहेर पडायला जागा शोधतो आणि कडेवाटे निघतो. बॉडीला नाक लावून बघ, रंगाचा वास येतोय तोवर फॉइलला हात लावू नको, आठवडा लागू दे नाहीतर दोन. मग पृष्ठभाग पुसायचा. इनॅमलवर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाला जेमतेम लावून एकदाच फिरव, पण कोणी तामिया कंपनीचा अ‍ॅक्रिलिक वापरला असेल तर अल्कोहोलने रंगच निघून येईल, तिथे साबणाचं पाणी आणि नंतर साधं पाणी. हँड सॅनिटायझर तर अजिबात नको, त्यात ग्लिसरीन असतं, त्याचा थर राहिला की गोंद धरत नाही.

आता लावणं. पट्टीपेक्षा रुंद तुकडा काप, ताणू नको, फक्त ठेव, मधून कडेकडे इअर बडने घासत जा, मग टूथपिकचं टोक गोल करून पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या खाचेत फॉइल नीट उतरव. ते इतकं पातळ असतं की पेढ्यावरच्या वर्खासारखं जिथे ठेवशील तिथला आकार घेतं. कापताना नवीन ब्लेड, आणि ब्लेडच्या वजनाइतकाच दाब, जोर दिला की खालचा रंग कापला जातो. फॉइल फाटत फाटत कापलं जात असेल तर ब्लेड बोथट झालंय, बदल. जास्तीचं फॉइल काढलं की कापलेली कड परत एकदा घासायची, लोक हे सोडतात आणि टोकं तिथूनच उचलतात. टोक पट्टीवर संपवू नको, थोडं पुढे नेऊन दरवाजाच्या फटीत दाबून तिथे काप.

गंगापूररोड_२५:
क्लिअर आधी, फॉइल नंतर, माझं मत पक्कं आहे. फॉइलवर कुठलाही क्लिअर बसला की धातूची चमक एक पायरी खाली येते आणि मग सिल्व्हर रंगच काय वाईट होता. शिवाय क्लिअर आधी असला की तो घासून पॉलिश करता येतो, फॉइल लावल्यावर पॉलिश करायला गेलास तर कड सोलून निघेल. फक्त पॉलिशनंतर वॅक्स लावू नको, वॅक्सवर फॉइल चिकटत नाही, वॅक्स सगळ्यात शेवटी आणि फॉइलपासून लांब. आणि हो, तुझा रंग इनॅमल आहे, त्यावर लॅकरचा, म्हणजे जास्त जहाल सॉल्व्हंटचा, स्प्रे क्लिअर मारलास तर रंग सुरकुतायची शक्यता मोठी, इनॅमलचाच क्लिअर घे. पावसाळा तोंडावर आहे, दमट हवेत लॅकर मारणाऱ्यांनी पण जपून, पांढुरका धूर बसतो त्यावर.

मिनिएचर_ताई:
गंगापूररोड दादा, कपाटातल्या गाडीसाठी तुमचं बरोबर आहे, पण इथे गाडी रोज हातात जाणार आहे ना. घामातल्या मिठाने अ‍ॅल्युमिनियमवर डाग पडतात आणि बोट नेहमी छताच्या कडेला आणि दरवाजाखालीच जातं. मी मधला रस्ता धरते: बॉडीला क्लिअर आधी, मग फॉइल, आणि फॉइलवर सगळीकडे नाही तर हात लागतो तिथेच, कडेवरून थोडा बाहेर येईल असा पाण्यातला अ‍ॅक्रिलिक ग्लॉस बारीक ब्रशने एकच पातळ हात. त्याने कापलेली कड बंद होते. चमक थोडी उतरते, मान्य, पण सोललेल्या फॉइलपेक्षा ते बरं. त्यानंतर काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे त्या गाडीजवळ न्यायचा नाही, अमोनियाने असा अ‍ॅक्रिलिक थर विरघळतो. धूळ काढायला मऊ कोरडा ब्रश.

आणि सिडको, त्या रेघांच्या पॅनेलला क्रोम फॉइल लावू नकोस, तिथे मॅट अ‍ॅल्युमिनियम लाव आणि भोवतीच्या पट्ट्यांना क्रोम. खऱ्या गाडीत पण पॅनेल पट्टीपेक्षा मंद दिसतं. दोन वेगळ्या चमका शेजारी आल्या की गाडी खरी वाटायला लागते, माझा तर सगळा जीव त्यातच असतो. आधी मॅट, नंतर क्रोम, म्हणजे क्रोमची कड मॅटवर येईल आणि जोड झाकला जाईल.

नाशिकरोड_पोरगा:
मधेच विचारतो, किचनचं फॉइल चालेल का? हे बाहेरून मागवायचं म्हणजे खिशाला जड जातं.

पंचवटी_मॉडेलर:
चालतं, पण जागा बघून. घरचं फॉइल साधारण ११ मायक्रॉनचं असतं, त्याला गोंद नसतो. मायक्रोस्केल कंपनीचा फॉइलचा गोंद मिळतो, दुधाळ असतो, मागच्या मंद बाजूला लावायचा आणि पारदर्शक चिकट झाला की ठेवायचं. बंपर, सपाट पॅनेल, इंजिनचे भाग यांना छान. काचेच्या चौकटीसारख्या बारीक कामात मात्र ते खाचेत उतरत नाही आणि कड जाड दिसते. एकाच गाडीत तुकडे कापताना रोलिंगच्या रेघा एकाच दिशेला ठेव, नाहीतर उजेडात प्रत्येक तुकडा वेगळा दिसतो. आणि विकतचं फॉइल असो की हे, शीट सपाट ठेव, झिपच्या पिशवीत, गार जागी. जुन्या शीटचा गोंद सुकला की ते कापतानाच तुटतं.

सिडको_बेंच:
धन्यवाद सगळ्यांना. वास अजून येतोय, आत्ताच बघितलं. मग ती पट्टी काढतो, दोन आठवडे बॉडी तशीच ठेवतो, मग इनॅमल क्लिअर, मग ताई म्हणतायत तसं मॅट आणि क्रोम, आणि छताची कड व दरवाजाखाली ब्रशने अ‍ॅक्रिलिक. काढलेल्या पट्टीचा गोंद रंगावर राहिला तर?

पंचवटी_मॉडेलर:
लायटरचं पेट्रोल इअर बडला थोडंसं, आधी बॉडीच्या आतल्या बाजूला रंगावर लावून बघ, काही झालं नाही तरच वर. घासू नको, ओलं करून उचल. थिनर नको.

सिडको_बेंच:
ठीक. आणि फॉइल कापायला ते टोकदार अकरा नंबरचं ब्लेड नाशकात कुठे? स्टेशनरीवाले जाड कटर देतात.

मिनिएचर_ताई:
सिव्हिल हॉस्पिटलच्या आसपास सर्जिकल सामानाच्या दुकानात विचार. हँडल तीन नंबरचं माग, अकराचं ब्लेड त्याला बसतं. आणि बदलताना पक्कडने धर, हाताने नको.