मदत हवी आहे: चार फुटी टाकीत अमेरिकी सिक्लिड आणि जिवंत झाडं

ओंजळ:
नमस्कार. १२० × ४५ × ५० सेंमीची टाकी स्टँडवर बसवली आहे, अजून कोरडीच आहे. नळाचं पाणी तपासलं: पीएच ७.८, जीएच (एकूण जडपणा) १४, केएच (कार्बोनेटचा जडपणा) १०. ताशी १२०० लिटरचा कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर बसणारा), ३०० वॅटचा हीटर आणि साधा एलईडी आहे. झाडांसाठी सीओटू (कार्बन डायॉक्साइड) लावायचा विचार नाही.

मनात असलेले मासे, सगळे सिक्लिड कुळातले: ४ एंजल, जर्मन ब्लू रॅमच्या दोन जोड्या, ५ जिओफॅगस आणि फायरमाऊथची एक जोडी. झाडांत ॲमेझॉन स्वोर्ड, व्हॅलिसनेरिया आणि पुढच्या बाजूला बुटक्या गवताचा गालिचा.

हे सगळे एकत्र नांदतील का? खाली ॲक्वासॉइल (झाडांसाठीची खतयुक्त दाणेदार माती) आणि वर वाळू असा थर चालेल का? आणि पीएच ६.५ वर आणायला बाटलीतलं पीएच डाउन किती घालू?

पाणकणीस:
तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण घाई तिथेच नडते. पीएच डाउन अजिबात घालू नका. केएच १० म्हणजे पाण्यात भरपूर बायकार्बोनेट. आम्ल घातलं की त्यातलं थोडं खर्च होतं, पीएच तेवढ्यापुरता उतरतो, तयार झालेला कार्बन डायॉक्साइड हवेत निघून जातो आणि एक-दोन दिवसांत पीएच पुन्हा वर. मग परत बाटली. असं करता करता केएच संपला की पीएच एका रात्रीत कोसळतो. स्थिर ७.८ बऱ्याच माशांना सोसतो, रोजचा चढउतार सोसत नाही.

मऊ पाणी हवंच असेल तर आरओचं पाणी मिसळा. एक भाग नळाचं, दोन भाग आरओ केलं की केएच ३ च्या आसपास आणि जीएच ५ च्या आत येतो. आठवड्याला ६० लिटर पाणी बदलायचं तर त्यात ४० लिटर आरओ, आणि हे कायमचं. तेवढं जमणार असेल तरच त्या वाटेला जा.

आता मासे. तुमच्या यादीत दोन वेगळी पाणी आहेत. फायरमाऊथ मेक्सिकोचं युकातान, बेलीझ, ग्वाटेमाला या चुनखडीच्या भागातला. त्याला जड, अल्कधर्मी पाणी आणि २४ ते २७ अंश मानवतात. जर्मन रॅम ओरिनोकोच्या खोऱ्यातली, व्हेनेझुएला-कोलंबियाच्या गवताळ मैदानांतली. तिला मऊ पाणी आणि २७ ते ३० अंश लागतात. शिवाय दोघांचा वावर तळाशी. फायरमाऊथ एरवी गळा फुगवून नुसता धमकावतो, पण अंडी घातली की जोडी अर्धा तळ ताब्यात घेते आणि ५ सेंमीच्या रॅमला पळायला जागा उरत नाही. दोघांपैकी एकच ठेवा.

जिओफॅगसच्या बहुतेक जाती १८ ते २५ सेंमी होतात आणि गटाने राहतात. पाचांसाठी ही टाकी अपुरी आहे.

निवळी:
पाणकणीस यांच्याशी एका मुद्द्यावर मतभेद. एंजलसाठी आरओची गरज नाही. बाजारात मिळणारे एंजल पिढ्यान् पिढ्या टाक्यांत वाढलेले आहेत, केएच १० मध्ये छान जगतात. फार तर अंडी कमी उबतील. जंगली पकडीचे असले तर गोष्ट वेगळी.

नळाचंच पाणी वापरायचं तर दोन वाटा दिसतात. एक, पूर्ण मध्य अमेरिका: फायरमाऊथची जोडी, सोबत १० ते १२ स्वोर्डटेल, आणि व्हॅलिसनेरियाची दाट भिंत. व्हॅलिसनेरिया पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेऊ शकते, म्हणून जड पाण्यात सीओटूशिवायही जोमाने पसरते. मला विचाराल तर तुमच्या पाण्याला हीच वाट सर्वात साजेशी आहे.

दुसरी, एंजल ठेवा आणि जर्मन रॅमच्या जागी बोलिव्हियन रॅम घ्या. ही ७-८ सेंमीची, जड पाणी बऱ्यापैकी सोसणारी, आणि जिओफॅगससारखीच वाळू तोंडात घेऊन चाळणारी. चाळण्याची ती मौज हवी असेल तर या टाकीत योग्य मासा हाच.

ओंजळ:
दोघांचेही आभार. एंजल सोडवत नाहीत, तेव्हा दुसरी वाट. फायरमाऊथ, जिओफॅगस, जर्मन रॅम सगळे रद्द. सोबतीला निऑन चालतील का? आणि तळाचं कसं करू?

पाणकणीस:
निऑन नको, मोठा एंजल ते गिळतो. १२ ते १५ लेमन टेट्रा घ्या, त्यांची अंगं उंच असतात. सर्पे टेट्रा आणि टायगर बार्ब टाळा, एंजलच्या लांब परांचे लचके तोडतात.

ॲक्वासॉइल नको. पहिले काही आठवडे ते अमोनिया सोडतं, केएच १० च्या पाण्यात त्याची पीएच उतरवण्याची ताकद लवकर संपते, आणि रॅम खणू लागल्या की हलके मोठे दाणे वर येऊन वाळूत मिसळतात. नुसती वाळू घ्या: दाणा अर्धा ते एक मिलिमीटर, गोलसर. टोकदार दाणे चाळताना कल्ल्यांना इजा करतात. पुढे ४ आणि मागे ६ सेंमी थर द्यायला साधारण २७ लिटर, म्हणजे ४० किलोच्या आसपास वाळू लागेल. गढूळपणा जाईपर्यंत बादलीत धुवा. मोठे दगड आधी काचेवर (खाली पातळ फोम ठेवून) आणि मग भोवती वाळू. वाळूवर ठेवलेला दगड मासे खालून पोखरतात आणि तो कलंडून काच फोडू शकतो.

ड्रिफ्टवूड आधी भिजवून ठेवा. बुडाल्यावर त्यावर पांढरा बुरशीसारखा थर येतो, तो निरुपद्रवी आहे आणि काही आठवड्यांत जातो.

निवळी:
झाडांबद्दल जरा सविस्तर, कारण सिक्लिडच्या टाकीत झाडं जातात ती मुख्यतः उपटली गेल्यामुळे.

स्वोर्डच्या मुळांभोवतीचा कुंडीतला लोकरीसारखा गुंता पूर्ण काढा. मुळं ५ सेंमी ठेवून छाटा. रोप वाळूत जरा जास्तच खोल दाबा आणि मग हलकेच वर ओढा, म्हणजे मुळं खाली पसरतात. पानं जिथून फुटतात तो गड्डा वाळूच्या वर दिसला पाहिजे. गाडला गेला तर कुजतो. मग भोवती ४-५ सेंमीच्या गुळगुळीत गोट्यांचं कडं करा. रॅमला खोडापाशी खणायला आवडतं, गोटे हलवता आले नाहीत की ती दुसरीकडे जाते. रोपापासून ५ सेंमीवर दोन रूट टॅब (मुळांसाठीच्या खताच्या गोळ्या) खोल खुपसा, दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा.

पहिल्या तीन आठवड्यांत जुनी पानं पिवळी पडून विरघळतील. नर्सरीत ती हवेत वाढलेली असतात. सडकी कापत राहा. नवीन, पाण्यातली पानं मधून येतील. तेवढ्यात रोप उपटून जागा बदलू नका.

गालिचा सोडून द्या. सीओटू नाही आणि खणणारे मासे आहेत, टिकणार नाही. त्याऐवजी दगडांच्या आडोशाला बुटकं सॅजिटेरिया लावा. वर ॲमेझॉन फ्रॉगबिट हे तरंगतं झाड सोडा आणि पृष्ठभागाचा एक तृतीयांश भाग झाकेल इतकंच ठेवा. ॲन्युबिआस आफ्रिकेतला, जावा फर्न आशियातला. कट्टर अमेरिकी टाकी हवी असेल तर ते नकोत, नसेल तर लाकडाला बांधा, खणण्याचा प्रश्नच मिटतो. लिक्विड कार्बन म्हणून मिळणारं ग्लुटारल्डिहाइड व्हॅलिसनेरियाला सोसत नाही, ती विरघळते.

नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी. तुमच्या पीएचला ईडीटीए (लोह पाण्यात विरघळलेलं ठेवणारं रसायन) स्वरूपातलं लोह फार टिकत नाही, डीटीपीएवालं बघा. जुन्या पानांना बारीक भोकं पडत असतील तर पोटॅशियम.

ओंजळ:
आता नीट उमगलं. मासे कधी सोडू आणि कोणत्या क्रमाने?

पाणकणीस:
आधी झाडं, २७ अंश, दिवा रोज ६ तासच. मग माशांच्या मलमूत्रातला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढावेत म्हणून अमोनिया २ पीपीएमपर्यंत (लिटरमागे २ मिलिग्रॅम) घाला. तेवढाच पुन्हा घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत थांबा. बहुधा ४ ते ६ आठवडे जातात. मग अर्धं पाणी बदला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर प्रत्येक वेळी डीक्लोरिनेटर (क्लोरीन काढणारं द्रावण) घाला.

आधी टेट्रा, मग ४ बोलिव्हियन रॅम, शेवटी एंजल, कारण आधी सोडले तर तेच जागा वाटून घेतात. एंजल लहान, ५-६ घ्या. फिल्टरच्या पाणी ओढणाऱ्या तोंडावर स्पंज लावा, स्प्रेबार (पाणी परत सोडणारी भोकांची नळी) मागच्या काचेकडे वळवा. चपट्या एंजलला जोराचा प्रवाह दमवतो. सहा-आठ महिन्यांनी जोडी जमेल आणि ती स्वोर्डचं रुंद पान किंवा फिल्टरची नळी अंडी घालायला साफ करू लागेल. दिसलं की बाकीचे एंजल दुसऱ्या टाकीत हलवा, दोन दिवसही थांबू नका.