मदत हवी आहे: पॅलेडियम कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) चौथ्या फेरीपासून मंदावतोय

नमस्कार मंडळी,
जळगाव जिल्ह्यात एम.एस्सी.चा प्रोजेक्ट करतेय. मॅग्नेटाइटच्या (चुंबकाला चिकटणाऱ्या लोह ऑक्साइडच्या) नॅनोकणांवर सिलिकाचा थर, त्यावर अमाइन (नायट्रोजनवाला गट) आणि अमाइनने धरलेला पॅलेडियम. रिअ‍ॅक्शन सुझुकी कपलिंगची (पॅलेडियमच्या मदतीने दोन रेणू कार्बन-कार्बन बंधाने जोडणारी): ४-ब्रोमोअ‍ॅनिसोल, फिनाइलबोरॉनिक अ‍ॅसिड, पोटॅशियम कार्बोनेट, इथेनॉल-पाणी निम्मेनिम्मे, ८० अंश. बाहेरून चुंबक लावला की काळी पूड काचेला चिकटते. द्रव ओतून घ्यायचा, पूड धुऊन पुन्हा वापरायची. दिसायला झकास, पण चौथ्या फेरीपासून यील्ड (हाती येणारं उत्पादन) घसरतं. गरम असतानाच गाळलेल्या द्रवातही रिअ‍ॅक्शन थोडी पुढे सरकते. म्हणजे पॅलेडियम सुटतोय ना? आयसीपीसाठी (धातूचं प्रमाण मोजणाऱ्या चाचणीसाठी) सॅम्पल बाहेर पाठवावं लागेल, खर्चिक काम. त्याआधी काय तपासू?

आणि एक: आमच्याकडे केळीच्या खांबांना तोटा नाही. त्यांची राख बेस म्हणून (पोटॅशियम कार्बोनेटच्या जागी) चालेल? सर हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

प्रतिसाद १:
ताई, आधी ढवळणी बघा. मॅग्नेटिक बीड (द्रवात फिरणारी टेफ्लॉन-मढवलेली चुंबकी कांडी) वापरत असाल तर बराच कॅटॅलिस्ट बीडलाच चिकटून बसतो. ओव्हरहेड स्टरर (वरून मोटरने फिरणारी ढवळणी) मिळवा. गाळलेल्या द्रवात जुनी बीड टाकली असेल तर ती टेस्ट धरूच नका, टेफ्लॉनच्या ओरखड्यांत पॅलेडियम अडकतो. कोरी बीड घेऊन, कॅटॅलिस्ट न घालता एक रिअ‍ॅक्शन लावा. हे चोचले नाहीत. २००३ मध्ये धातूशिवाय सुझुकी झाल्याचं छापून आलं होतं. २००५ मध्ये त्याच गटाला सोडियम कार्बोनेटमध्येच ५० पीपीबीच्या (अब्जात ५० भाग) आसपास पॅलेडियम सापडला.

शिवाय शेवटचं यील्ड बघून फेऱ्यांची तुलना करू नका. रिअ‍ॅक्शन तासाभरात संपत असेल आणि तुम्ही रात्रभर ठेवत असाल, तर अर्धा मेलेला कॅटॅलिस्टही पास होतो. प्रत्येक फेरीत सुरुवातीलाच, रूपांतर अर्धवट असताना सॅम्पल काढा. कदाचित घसरण दुसऱ्या फेरीपासूनच दिसेल.

प्रतिसाद २:
राख चालते. केळीच्या सालींच्या राखेचं पाणी आणि पॅलेडियम अ‍ॅसिटेट घेऊन आसामातल्या संशोधकांनी साध्या तापमानाला सुझुकी केलीय, २०१५ चा पेपर आहे. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, सोबत क्लोराइडही. प्रत्येक घाण्याचं टायट्रेशन करून कार्बोनेट किती आहे ते बघा. पण गळतीचा छडा लागेपर्यंत राख बाजूलाच ठेवा, आणखी एक अनोळखी मिश्रण कशाला?

धागाकर्ती:
आभार! बीड जुनीच होती. आयसीपीला काय पाठवू, पूड की द्रव?

प्रतिसाद १:
दोन्ही. पहिल्या आणि चौथ्या फेरीचा गरम गाळलेला द्रव, शिवाय ताजी आणि वापरलेली पूड. थंड होऊ दिलात तर सुटलेला पॅलेडियम परत पुडीवर बसतो आणि द्रव उगाच स्वच्छ दिसतो.