‘रीजनरेशन’: कोळशाचं पुनर्जनन, पुनर्भारण की पुनरुज्जीवन?

जलशुद्धीकरणावरचा एक मजकूर मराठीत आणते आहे. पाणी गाळून निकामी झालेला सक्रिय कार्बन (गाळणीतला सच्छिद्र कोळसा) विजेच्या मदतीने पुन्हा वापराजोगा करतात, ते ‘इलेक्ट्रोकेमिकल रीजनरेशन’. मी ‘विद्युत-रासायनिक पुनर्जनन’ लिहिलं, पण वाचताना तुकड्यातून पुन्हा वाढणारा प्लॅनेरिया हा चपटा कृमीच आठवतो. ‘पुनर्भारण’ चालेल का?

——

पुनर्भारण नको, अर्थ उलटा होतो. पाणी मृदू करणाऱ्या रेझिनला मिठाच्या द्रावणातून सोडियम परत द्यावा लागतो, तिथे काहीतरी भरलं जातं. कार्बन मात्र आधीच भरलेला असतो, त्याला रिकामं करायचं असतं. एका ग्रॅममध्ये 500 ते 1500 चौरस मीटर पृष्ठभाग, आणि त्यावर चिकटलेले रेणू! म्हणून ‘शोषण’सुद्धा टाळा. स्पंज पाणी आत ओढतो ते शोषण, पृष्ठभागावर धरून ठेवणं ते अधिशोषण. हा फरक दाखवायला कायझर या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने 1881 साली ‘अ‍ॅडसॉर्प्शन’ हा वेगळा शब्द वापरात आणला. आपणही तो फरक जपायला हवा.

मी ‘पुनरुज्जीवन’ घेईन.

——

भट्टीत तापवतात त्यालाही तोच शब्द का? तिथे ‘पुनर्सक्रियण’ वाचलंय.

——

आधी संधी: ‘स’पुढे विसर्गाचा रफार होत नाही, म्हणून पुनःसक्रियण. पुनर्वापर बरोबर, पुनर्प्रक्रिया चूक. ही चूक इतकी रुळली आहे की बरोबर रूपच खटकतं, याचं वाईट वाटतं.

शब्द मात्र भट्टीसाठी चांगला आहे. 800 ते 900 अंश सेल्सिअसला वाफेच्या सान्निध्यात कार्बनची छिद्रं नव्याने कोरली जातात, म्हणजे खरोखर पुन्हा सक्रिय करणंच. विळ्याला धार लावताना लोखंड झिजतं तसा दर खेपेला साधारण 5 ते 10 टक्के कार्बनही जातो.

विजेच्या पद्धतीत एवढी उष्णता लागत नाही. कार्बन मिठाच्या पाण्यात ऋणाग्राला जोडला की त्याच्याजवळ हायड्रॉक्साइड आयन तयार होऊन सामू वाढतो. फिनॉल हे दूषितक चिकटलेलं असेल तर त्याचा ऋणभारित आयन बनतो. कार्बनचा पृष्ठभागही ऋणभारित, त्यामुळे दोघं एकमेकांना लोटतात आणि फिनॉल सुटतं. सुटलेल्याचं पुढे धनाग्रापाशी ऑक्सिडीकरण होतं. (मिठामुळे क्लोरीनयुक्त संयुगं तयार होण्याचा धोका असतो. मजकुरात तो उल्लेख असेल तर गाळू नका.)

त्या सुटण्याला ‘विशोषण’ म्हणता येईल, पण मी सरळ ‘सुटणे’ लिहीन. वाचणाऱ्याला चित्र दिसतं.

——

पटलं. मग ‘स्पेंट’ला ‘खर्च झालेला’ लिहिलंय ते बदलते. ‘संपृक्त’ करू?

——

‘संपृक्त’ म्हणजे आणखी काहीच मावत नाही असा. प्रत्यक्षात गाळून बाहेर पडणाऱ्या पाण्यात दूषितकं ठरलेल्या मर्यादेपुढे दिसू लागली की कार्बन बदलतात, तेव्हा त्यात थोडी जागा उरलेली असू शकते. ‘वापरलेला’ पुरे.

आणि ‘रीजनरेशन एफिशियन्सी’ आली तर ‘पुनरुज्जीवन क्षमता’ लिहू नका. क्षमता म्हणजे कार्बन किती धरून ठेवतो ते. इथे पुनरुज्जीवित कार्बनच्या क्षमतेची ताज्या कार्बनशी टक्केवारीत तुलना असते. ‘पुनरुज्जीवनाची कार्यक्षमता’ लिहा, नाहीतर एकाच वाक्यात ‘क्षमता’ दोन अर्थांनी येईल.