शब्दचर्चा : खोटं-खोटं जग खरं ‘झालं’ की खरं ‘निघालं’?

प्रश्न

एक गोष्ट लिहिते आहे. बहीण-भाऊ लहानपणी एक राज्य रचतात. नदी, पूल, किल्ला, राणी, शिपाई, सगळं त्यात आहे. वहीच्या मधल्या जोडपानावर त्यांनी नकाशा काढलेला असतो. पुलाच्या फळ्या काढताना सातव्या फळीपाशी भावाच्या पेन्सिलीचं टोक मोडतं आणि ती फळी राहूनच जाते. पुढे कितीतरी वर्षांनी दोघं खरोखरच त्या पुलावर येऊन उभी राहतात. सातवी फळी जागेवर नसते.

इथवर जमलं. त्यापुढच्या एका वाक्यापाशी चार दिवस अडले आहे : ‘त्यांचं काल्पनिक जग खरं झालं होतं.’ व्याकरणात बसतं, पण मोठ्यानं वाचलं की कानाला लागतं. ‘काल्पनिक’ खटकतं आहे की ‘झालं’, तेही कळत नाही. तुम्ही काय लिहिलं असतं?

प्रतिसाद

दोन्ही खटकतात, पण मोठी गोम ‘झालं’मध्ये आहे.

‘खरं’ला मराठीत तीन क्रियापदं जोडता येतात आणि तिन्हींचा अर्थ वेगळा होतो. स्वप्न खरं होतं. भाकीत खरं ठरतं. बातमी खरी निघते. ‘होणे’ म्हणजे आधी नव्हतं, आता आहे. ‘ठरणे’ला आधी कुणीतरी काही म्हटलेलं लागतं, मग कसोटी लागते, मग निकाल. ‘निघणे’चं तसं नाही. गोष्ट पहिल्यापासून तशीच होती, आपल्याला आज कळली. नाणं खोटं निघालं म्हणजे ते काल चोख होतं आणि रात्रीतून खोटं झालं, असं कुणी समजत नाही. शिवाय ‘निघणे’मध्ये अपेक्षा उलटल्याचा धक्का असतो. ‘शांत दिसणारा मुलगा भलताच धीट निघाला’ म्हणताना आपण मुलाइतकंच आपल्या चुकलेल्या अंदाजाबद्दलही बोलत असतो.

आता तुमची फळी घ्या. टोक मोडलं म्हणून फळी राहिली, की पुलाला फळी नव्हतीच म्हणून नेमकं तिथं टोक मोडलं? पहिलं असेल तर मुलांनी काढलं तसं जग घडलं, आणि ‘खरं झालं’ बरोबर आहे. दुसरं असेल तर जग आधीपासून होतं, मुलं नकळत त्याचाच नकाशा काढत होती, आणि मग ‘खरं निघालं’ याला पर्याय नाही. तुम्ही चार दिवस क्रियापदापाशी अडलेल्या नाही, कथानकापाशी अडला आहात.

प्रतिसाद

‘काल्पनिक’बद्दल. हा मोठ्यांचा शब्द आहे, तोही बाहेर उभं राहून वापरायचा. खेळणाऱ्या मुलाच्या तोंडी तो कधी येत नाही. ते म्हणतं, ‘खोटं-खोटं’.

या द्विरुक्तीवर माझा फार जीव आहे. एकटं ‘खोटं’ हा आरोप असतो : ‘खोटं बोलू नकोस.’ तोच शब्द दोनदा म्हटला की लबाडी गळून जाते आणि करार उरतो. ‘हा खोटा-खोटा घोडा’ असं म्हणणारं मूल कुणाला फसवत नसतं. समोरच्याला सामील करून घेत असतं. दोन भावंडांच्या राज्याला याहून नेमका शब्द मला माहीत नाही. त्याच्या समोर उभा राहणारा शब्दही घडणीनं त्याचाच जोडीदार आहे : ‘खरंखुरं’. साधं ‘खरं’ कुठंही चालतं, पण ‘खराखुरा घोडा’ म्हणायची वेळ येते ती जवळपास एखादा लाकडी घोडा असतो तेव्हाच.

‘लुटुपुटीचं’ कुणी सुचवेल म्हणून आधीच सांगतो. लुटुपुटीची लढाई होते, लुटुपुटीचं रडणं होतं, पण लुटुपुटीची नदी मी ऐकलेली नाही. तो शब्द कृतीला चिकटतो, जागेला नाही.

‘मनोराज्य’ही नको. मनोराज्य एकट्यानं करायचं असतं आणि त्यात राजा नेहमी आपणच असतो. दुसऱ्याला तिथं शिपायाचीही नोकरी मिळत नाही. ‘प्रतिसृष्टी’त ईर्षा आहे. विश्वामित्रानं ती त्रिशंकूसाठी मांडली ती देवांशी अडून, आणि मुलं कुणावर अडून खेळत नाहीत. ‘गंधर्वनगरी’ दिसायला फार सुंदर शब्द, पण तुमच्या गोष्टीच्या अगदी उलट दिशेचा. आकाशात दिसणारं आणि बघता बघता विरणारं नगर, हाच त्याचा मूळ अर्थ. अद्वैत वेदान्ताचे जुने आचार्य गौडपाद यांच्या कारिकांमध्ये, म्हणजे श्लोकांमध्ये, स्वप्न, माया आणि गंधर्वनगर एका ओळीत येतात, ते हे दिसणारं विश्वही तसंच आहे असं सांगायला. तुमच्याकडे नगर विरत नाही, पायाखाली येतं.

प्रतिसाद

वरच्या मताशी बऱ्याच अंशी सहमत, तरी ‘कल्पना’ला इतक्या सहज हद्दपार करू नये. ‘काल्पनिक’ सोडा, पण मूळ शब्द बघा. कॢप् धातूत जुळवणं, रचणं, घडवणं आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, १९०व्या सूक्तात, विधात्यानं सूर्य-चंद्र ‘यथापूर्वम् अकल्पयत्’ असं म्हटलं आहे. म्हणजे पूर्वी होते तसेच घडवले. क्रियापद तेच, आणि घडलेले सूर्य-चंद्र चांगले डोक्यावर तळपणारे. ‘यथापूर्वम्’ हा शब्द तर या भावंडांसाठीच ठेवल्यासारखा वाटतो.

इतकं लांब जायला नको असेल तर रोजची मराठी घ्या. ‘त्याला आधी कल्पना देऊन ठेव.’ ‘मला याची कल्पना होती.’ इथं कल्पना म्हणजे माहिती, तीही खऱ्या गोष्टीची. ‘फळी नसणार, याची दोघांना कल्पना होती’ असं वाक्य तुमच्या पुलावर आलं, तर त्यात दोन्ही अर्थ एकदम उभे राहतील.

प्रतिसाद

एक छोटी सूचना. ‘ती परतली’ लिहिताना जपा. बहीण एकटी परतली तरी ‘ती परतली’ आणि भावंडं परतली तरी ‘ती परतली’. ‘दोघं परतली’ लिहिलंत की प्रश्न मिटतो. आणि ‘परत गेली’ की ‘परत आली’ हेही ठरवून घ्या. ‘आली’ म्हटलं की निवेदक पुलाच्या पलीकडे उभा राहून वाट बघत असतो.

प्रश्नकर्ती

फळीबद्दलचा प्रश्न वाचून लिहिणं थांबवलं आणि रात्रभर विचार केला. जग आधीपासून होतं. तेव्हा ‘निघालं’. ‘काल्पनिक’ खोडलं.

आता संवाद. लहानपणी दोघं भूमिका वाटून घेतात, ते वाक्य मोठेपणी पुन्हा यावं असं वाटतं. मुलं तेव्हा नेमकं काय म्हणतात?

प्रतिसाद

‘मी राणी होते, तू शिपाई हो.’ आमच्या खेळात तरी हेच वाक्य असायचं.

हे वाक्य सावकाश वाचा. ‘मी राणी होते’ हा ‘होणे’चा वर्तमानकाळ आहे : आता मी राणी बनते. पण ‘असणे’चा भूतकाळही अक्षरशः हाच : मी राणी होते, एके काळी. मुलगा म्हणाला तरी तेच, ‘मी राजा होतो’. ‘आम्ही होतो’ म्हटलं तरी तेच. प्रथमपुरुषात मराठी हे दोन काळ वेगळे ठेवत नाही. लहानपणी खेळ मांडायला जे वाक्य वापरलं, ते एकही अक्षर न बदलता मोठेपणीची आठवण होतं.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज लेखक ब्राँटे भावंडांची एक नोंद इथं आठवते. १८२६ साली वडिलांनी ब्रॅनवेलसाठी लाकडी शिपाई आणले आणि चौघांनी त्यांच्याभोवती राज्यं उभी केली. एमिली आणि ॲन या दोघींचं राज्य होतं गॉन्डल. १८४५मध्ये दोघी यॉर्कला जाऊन आल्या. एमिली सव्वीस वर्षांची, ॲन पंचवीसची. त्या सहलीबद्दल एमिलीनं आपल्या टिपणात गॉन्डलमधल्या पात्रांची नावं दिली आहेत आणि सहलीत आम्ही ही माणसं ‘होतो’, असं लिहिलं आहे. सोंग घेतलं असं नाही, खेळलो असं नाही. ती नोंद मराठीत आणताना ‘होतो’चे दोन्ही अर्थ आपोआप येतात, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

प्रश्नकर्ती

शेवट बदलला. ‘त्यांचं जग…’ हे वाक्यच काढून टाकलं, कारण ते निवेदकानं सांगायची गरज उरली नाही. आता असं आहे :

बहीण पुलावर सहा फळ्या चालून थांबते. खाली पाणी वाहतं आहे.

‘मी राणी होते,’ ती म्हणते.

भाऊ मागून विचारतो, ‘होतीस, की होतेस?’