मर्सिडीज सी २२०डी घेऊ की ई २२०डी? आईला मागे बसवून पुणं करायचंय

द्राक्षबागवाला:
नमस्कार मंडळी, महिनाभर डोक्यात हेच घोळतंय म्हणून विचारतो. पिंपळगाव बसवंतला राहतो, आठवड्याला एकदा तरी पुण्याची फेरी होते, त्यामुळे महिन्याला दोन-अडीच हजार किमी सहज पडतात. आत्ताची एसयूव्ही सात वर्षं वापरली, आता एकदाच चांगली लक्झरी सेडान घ्यायचीय, सेकंडहँडच, बजेट ३५ लाखाच्या आसपास. मर्सिडीजच्या दोन २०१९ च्या गाड्या बघितल्यात, एक सी २२०डी आणि एक ई २२०डी, दोन्ही डिझेल. ड्रायव्हर नाही, मी स्वतःच चालवतो आणि चालवायला मला सी जास्त आवडली, चंदनापुरी घाटात काय मस्त वळेल ती! पण आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, महिन्याला एकदा तिला पुण्याला तपासणीला न्यावं लागतं, घरचे म्हणतात थोडे पैसे टाक आणि ई घे. काय करू?

घाटातला वाटाड्या:
भाऊ, आधी एक गोष्ट डोक्यातून काढा की मोठी गाडी म्हणजे मोठं इंजिन. तुम्ही बघितलेल्या दोन्हींत तेच १९५० सीसीचं इंजिन आहे, ताकद १९४ एचपी, टॉर्क म्हणजे ओढ ४०० एनएम, गिअरबॉक्स पण तोच नऊ गिअरचा. म्हणजे वरचे पैसे ओढण्यासाठी नाहीत, मागच्या सीटसाठी आहेत. सी चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २८४० मिमी, आणि आपल्याकडे ई लाँग व्हीलबेसच मिळते, तिचा ३०७९. चांगला वीतभर फरक आहे आणि त्यातला बराचसा मागे पायापाशी मिळतो. आता तुमच्या मागच्या सीटवर वर्षात किती दिवस माणूस बसणार ते मोजा. तुम्ही एकटेच चालवणार असाल तर मी डोळे झाकून सी घेतली असती, हलकी आहे, तेच इंजिन तिच्यात जास्त तरतरीत वाटतं.

कसबा पेठ:
मी लाँग ई चार वर्षं वापरतोय, वडिलांसाठीच घेतली. आईचं म्हणताय म्हणून सविस्तर लिहितो. सीट दोन्ही गाड्यांची खालीच आहे, एसयूव्हीची सवय असलेल्या माणसाला पहिले काही दिवस जड जातं, गुडघ्यांना तर उठताना जास्तच. पण सी मध्ये आत बसल्यावर पाय आत घेताना ते पुढच्या सीटला आणि मधल्या खांबाला अडतात, गुडघा जास्त वाकवावा लागतो आणि नेमका तोच आईंना वाकवता येत नसणार. ई मध्ये आधी पाठ करून बसायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवायचे, जागा मिळते. सीटची पाठ मागे कलते म्हणून लांबच्या प्रवासात वडील चक्क झोपतात. मात्र दरवाजा लांब आहे, शेजारी गाडी लागलेली असेल तर पूर्ण उघडत नाही, म्हणून मी त्यांना आधी उतरवतो आणि मग पार्क करतो. दुसरं म्हणजे लांबी, ५०६३ मिमी, सी ४६८६ आहे. आमच्या वाड्याच्या बोळात मला रोज दोन-तीनदा पुढेमागे करावं लागतं. गावातले उंच स्पीडब्रेकर तिरके घ्यायला लागतात, नाहीतर चाकांमधलं अंतर जास्त असल्यामुळे पोट घासतं. आणि डिकीत बॅगा किती मावतात ते स्वतः ठेवून बघा, स्टेपनी आतच वर ठेवलेली असते.

डिझेलवेडा:
दोघांनी सीटचं सांगितलं, मी खालचं सांगतो. डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, तो हायवेवर गरम झाला की जमलेली काजळी जाळून साफ होतो. तुमचं रनिंग हायवेचं आहे म्हणून डिझेल तुम्हाला शंभर टक्के शोभतं, रोज पाच किमी ऑफिसला जाणाऱ्याला मी नको म्हणालो असतो. पण तुम्ही जी घेताय ती आधी कुणी कशी वापरली ते बघा! मी मागे कमी किमी बघून एका डीलरकडून डिझेल गाडी घेतली, सगळं आयुष्य शहरात फिरलेली, तीन महिन्यांत फिल्टर चोक झाला आणि बिल बघून पोटात गोळा आला. त्यामुळे ४० हजार किमी शहरात झालेल्यापेक्षा ८० हजार हायवेची बरी असं माझं स्पष्ट मत आहे. चॅसिस नंबर घेऊन अधिकृत वर्कशॉपमधून सर्व्हिसची पूर्ण नोंद काढा. दिल्लीची गाडी स्वस्त मिळाली तर का स्वस्त आहे ते समजून घ्या, तिकडे डिझेलला १० वर्षांचं बंधन घातलेलं होतं, आत्ता काय स्थिती आहे ते विचारून घ्या. शिवाय तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत पत्र) आणून इकडे नवीन नंबर आणि टॅक्स भरावा लागतो, महाराष्ट्रात २० लाखाच्या वरच्या डिझेलला नव्या गाडीवर १५ टक्के आहे, त्यातला वयाप्रमाणे जो लागेल तो आधी आरटीओत विचारून मग भाव ठरवा.

सह्याद्रीपार:
मधला मार्ग सुचवू? बीएमडब्ल्यूची ३ सिरीज ग्रॅन लिमोझिन, २०२१ ला आली, डिझेलला १९० एचपी, ४०० एनएम आणि व्हीलबेस २९६१. चालवायला मजा आणि मागे पण जागा. एकदा बघून तरी या.

द्राक्षबागवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल आईला घेऊन गेलो आणि कसबा पेठ दादांनी सांगितलं तसं दोन्ही गाड्यांत पाच-पाच वेळा बसवलं, उतरवलं. सी मधून उतरताना तिसऱ्या वेळेला तिनं माझा खांदा धरला, ई मधून पाचही वेळा दाराला धरून स्वतः उठली. घाट मी एसयूव्हीत पण सात वर्षं चढलोच की. ग्रॅन लिमोझिन नाशिकमध्ये एक आहे म्हणतात, रविवारी तिच्यातही आईला बसवून बघतो, नाही जमलं तर ई नक्की. डिझेलवेडा भाऊ, ई चा चॅसिस नंबर घेतलाय, नोंद हातात आली की इथेच टाकतो, जरा नजर टाका.