माहिती असूनही बुडालेली मुंबई

'लोकांना माहिती नसते म्हणून बाजार कोसळतात' हे मत मला पटत नाही. १८६४-६५ची मुंबई पाहा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस इंग्लंडला जाणं थांबलं होतं, म्हणून इथल्या कापसाला भरमसाट भाव आला आणि तो पैसा शेअर्समध्ये गेला. युद्ध संपलं की अमेरिकेतला कापूस पुन्हा इंग्लंडमधल्या लिव्हरपूल बंदरात जाणार, हे इथल्या व्यापाऱ्यांना न कळण्यासारखं नव्हतं. तरीही समुद्रात भर घालून जमीन करायला निघालेल्या बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,०००च्या आसपास गेला. शेजारी श्रीमंत होताना दिसत होता, आणि बँक ऑफ बॉम्बे शेअर्सच्याच तारणावर कर्ज वाटत होती. हे दुसरं कारण मला जास्त घातक वाटतं: भाव चढला की तारणाची किंमत वाढते, ती वाढली की आणखी कर्ज! एप्रिल १८६५मध्ये अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा सेनापती जनरल ली शरण आला, म्हणजे युद्ध संपल्यातच जमा झालं. १ जुलैला शेअर्सचे वायदे (पुढच्या तारखेला ठरलेल्या भावाने घेण्या-देण्याचे करार) पुरे करायची वेळ आली, तेव्हा बहुतेकांकडे द्यायला पैसेच नव्हते. पुढे ती बँकही बुडाली.